ठेकेदार बदलतो, झाडू तोच राहतो

रविवारची सुट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी काळी कोणाला तरी मागावी लागली होती, याची आठवणही राहिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याला रविवारची एक सुट्टी कबूल केली. त्या कबुलीला आता एकशे पस्तीस वर्षे उलटून गेली. तरीही आज आपण चहाचा दुसरा कप घेऊन ही पुरवणी उघडली असेल, तेव्हा खालच्या रस्त्यावर खराट्याचा आवाज येऊन गेलेला असेल. रुग्णालयाच्या व्हरांड्यात फरशी पुसणारी बाई सकाळची पाळी धरून आली असेल. बँकेच्या दारातला रखवालदार रात्रपाळी संपवून दुसऱ्याची वाट पाहत असेल. ही माणसे कोणाची नोकर आहेत, असा प्रश्न विचारला तर दहांपैकी नऊ वेळा उत्तर येते, 'ठेकेदाराची.' त्या ठेकेदाराचे नाव मात्र फारच थोड्यांना सांगता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य अशा चार संहिता आल्या. यांतली वेतन संहिता संसदेने २०१९ मध्येच मंजूर केली होती. उरलेल्या तीन २०२० मध्ये झाल्या. म्हणजे कायदे तयार होऊन पाच-सहा वर्षे कपाटात होते. ते बाहेर आले तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकले, मालकांच्या संघटनांनी स्वागत केले, आणि पाचच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, दहा केंद्रीय कामगार संघटनांनी देशभर निषेध केला. घराघरांत मात्र 'हे काही तरी कारखान्याचे आहे' म्हणून पान उलटले गेले. वाचकहो, ते पान पुन्हा एकदा मागे करून पाहावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

दोन मस्टरांची गोष्ट

मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात एकतीस वर्षे काढली. टाइम ऑफिस म्हणजे कारखान्याचा उंबरठा. कोण किती वाजता आत आला, कोणाचा अर्धा दिवस कापायचा, कोणाची रजा शिल्लक आहे, सगळे तिथे लिहिले जाते. आमच्याकडे दोन मस्टर असत. एक कायम कामगारांचे. त्यात नाव, टोकन नंबर, रुजू झाल्याची तारीख, सगळे ठसठशीत. दुसरे ठेकेदाराच्या माणसांचे. त्यात नाव असे, पण ते नाव दर कंत्राटाबरोबर नव्या वहीत नव्याने लिहिले जाई.

कॅन्टीन आणि संडास-मोऱ्या साफ ठेवणारे एक गृहस्थ होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणे. मामा १९८९ साली आले आणि २००८ साली गुडघ्यांनी जबाब दिला तेव्हा गेले. एकोणीस वर्षांत त्यांनी पाच ठेकेदार पाहिले. पहिल्या चौघांची कंत्राटे चार-चार वर्षांची, पाचव्याकडे तीन वर्षे. जाताना ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, 'भाऊसाहेब, ग्रॅच्युइटीचं काही जमतं का?' आता उपदान द्यायचे तर एका मालकाकडे सलग पाच वर्षांची नोकरी हवी, असा तेव्हाचा कायदा. पाच वर्षांची अट आणि चार वर्षांचे कंत्राट! मामांचे मालक पाच झाले, पण पाच वर्षे एकाकडेही भरली नाहीत. आणि ज्या कारखान्याच्या फरशा त्यांनी एकोणीस वर्षे पुसल्या, तो कागदोपत्री त्यांचा कोणीच नव्हता. मामा रागावले नाहीत. म्हणाले, 'ठेकेदार बदलला की पाटी बदलते, भाऊसाहेब. झाडू तोच.'

नव्या संहितांतले हजारो शब्द वाचताना मी एकच कसोटी लावत होतो. मामा आज खिडकीशी आले असते तर त्यांना काय सांगता आले असते?

एका रुपयाचा प्रश्न

ठेक्याच्या कामावर आपल्याकडे कायदा आणि न्यायालये यांनी बराच विचार केलेला आहे. १९६० मध्ये मुंबईच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम तेलशुद्धीकरण कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे साफसफाईच्याच कामाचा प्रश्न होता. ही सफाई रोज लागणारी आणि कायमची आहे, तेव्हा ती ठेक्याने करून घेऊ नये, हा न्यायाधिकरणाचा निवाडा न्यायालयाने कायम ठेवला. पुढे १९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा स्वतंत्र कायदा आला. ठेकेदाराने पगार थकवला तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने तो द्यावा, हे तत्त्व त्यात होते.

सरकार स्वतःच मूळ मालक असेल तर? याचे उत्तर १९८२ मध्ये मिळाले. दिल्लीत एशियाडची तयारी जोरात होती. पूल, क्रीडागारे, वसतिगृहे उभी राहत होती आणि कामे सरकारी यंत्रणांनी ठेकेदारांना दिली होती. ठेकेदार जमादारांमार्फत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुकादमांमार्फत, मजूर आणत. किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. जमादार त्यातला एक रुपया स्वतःसाठी ठेवून मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे टेकवत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्या एका रुपयाचा धागा थेट राज्यघटनेपर्यंत नेला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरी, असे न्यायालयाने म्हटले. आणि 'मजूर ठेकेदाराचे आहेत' असे सांगून सरकारी यंत्रणांना जबाबदारी झटकता येणार नाही, असेही बजावले.

त्यानंतर लंबक दोन्हीकडे हलला. १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात निकाल झाला की ठेका पद्धत बंद केली तर ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतील. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ते मत फिरवले. आपोआप कोणीही कायम होत नाही, असे ठरले. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. पण असे यश पदरात पडायला संघटना लागते, वकील लागतो आणि दहा-दहा वर्षे दम धरावा लागतो. एकट्या मामांजवळ यातले काय होते?

नव्या कायद्याने काय दिले?

आता नव्या संहितांकडे येऊ. पहिली गोष्ट नेमणूकपत्राची. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. ज्यांना आधी दिले नव्हते त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचे, असे कायदा म्हणतो. वरकरणी ही क्षुल्लक बाब वाटते. पण टाइम ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा. ज्याच्याजवळ रुजू झाल्याची तारीख कागदावर आहे, त्याच्याशी साहेब वेगळ्या आवाजात बोलतो.

दुसरी गोष्ट पगाराच्या जबाबदारीची. वेतन संहितेत साधे वाक्य आहे: मालकाने पगार दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत माणूस काम करतो त्याने तो द्यायचा. किमान वेतनाला पूर्वी ठरावीक धंद्यांची यादी होती. आता ते सर्व कामांना लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत झाला पाहिजे. नोकरी सुटली, काढली किंवा सोडली, तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. थकलेल्या पैशांसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती अवघी सहा महिने होती. कंत्राटी कामगाराचा पगार बँकेमार्फत किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायचा आणि तसे मूळ मालकाला कळवायचे. मुकादमाच्या रुपयाला यामुळे जरा तरी आडकाठी होईल. ठेकेदाराने पैसे बुडवलेच तर परवान्यापोटी त्याने ठेवलेल्या अनामत रकमेतून मजुरी देण्याचा आदेश सरकार काढू शकते.

तिसरी गोष्ट खास सरकारी कामांची. सुरक्षितता व आरोग्याची संहिता केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना एरवी लागू नाही. मात्र तिथे ठेकेदाराची माणसे काम करत असतील आणि सरकार मूळ मालक असेल, तर त्या माणसांपुरती ती लागू आहे. एशियाडच्या निकालाने सांगितलेली गोष्ट अशा रीतीने कायद्याच्या कलमात आली.

आणि चौथी, मामांच्या जिव्हाळ्याची. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला उपदानासाठी पाच वर्षे थांबायची गरज नाही. एक वर्ष झाले तरी त्या प्रमाणात ते मिळते. शिवाय कंत्राटी कामगाराने मागितला तर ठेकेदाराने अनुभवाचा दाखला दिला पाहिजे. म्हणजे चार-चार वर्षांच्या पाच तुकड्यांतही एकोणीस वर्षांचा माग राहू शकतो.

पण इथेच एक मेख आहे. एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर काम करणाऱ्यांना आहे. करारच नसेल, नुसती हजेरी असेल, तर बाकीच्यांना पाच वर्षांची जुनी अट आहेच. म्हणून नेमणूकपत्र हाती आल्यावर फक्त पगाराचा आकडा पाहू नये. नेमणूक कोणत्या प्रकारची लिहिली आहे, हेही वाचावे. मामांसारख्या माणसाचे सारे उपदान त्या एका ओळीवर अवलंबून राहणार आहे.

आणि काय काढून घेतले?

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंत्राटी कामगारांविषयीची कलमे पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू आहेत. १९७०च्या कायद्यात हा आकडा वीस होता. महाराष्ट्राने तो काही वर्षांपूर्वीच पन्नासवर नेला होता. वेतनाचे हक्क सर्वांना आहेत, पण परवाना, अनामत, अनुभवाचा दाखला या गोष्टी एकोणपन्नास माणसांच्या ठेक्याला चिकटत नाहीत. हिशेब जमवणाऱ्याला एकोणपन्नासवर थांबणे अवघड नसते.

मुख्य कामात ठेकेदारी नको, असे नवी संहिता म्हणते. मात्र 'मुख्य काम' कशाला म्हणायचे हे सांगताना जी कामे वगळली आहेत, त्यांत साफसफाई, पहारा, कॅन्टीन, मालाची चढउतार, बागकाम अशी नावे आहेत. आस्थापनाच त्या कामासाठी काढलेली असेल तर गोष्ट वेगळी. १९६० मध्ये न्यायालयाने ज्या सफाईला रोजचे आणि कायमचे काम म्हटले, ती २०२०च्या कायद्यात मुख्य कामाच्या उंबऱ्याबाहेर बसली. रुग्णालय एक दिवस झाडले नाही तर काय होईल, याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे पटणे कठीण आहे.

कामगार संघटनांचा राग आणखी दोन गोष्टींवर आहे. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे. आता तीनशेपासून लागते. आणि संपासाठी कोणत्याही उद्योगात चौदा दिवसांची नोटीस सक्तीची झाली. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. मालक म्हणतात, यामुळे मोकळेपणाने भरती करता येईल. संघटना म्हणतात, यामुळे मोकळेपणाने काढता येईल. दोघांचेही म्हणणे त्याच कलमांवर उभे आहे. कोणाचे खरे, ते मंदीचा पहिला फटका बसेल तेव्हा कळेल.

पगाराच्या चिठ्ठीत डोकावताना

ज्यांच्या घरी कोणी मजूर नाही, पण मुलगा किंवा सून खासगी नोकरीत आहे, त्यांच्यासाठी एक हिशेब. अनेक कंपन्या मूळ पगार लहान ठेवत आणि उरलेले पैसे नाना भत्त्यांत घालत. कारण भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांचे गणित मूळ पगार व महागाई भत्त्यावर चालते. नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम 'वेतना'तच धरायची.

समजा, एकूण पगार ४०,००० रुपये आणि त्यात मूळ पगार १४,०००. दर वर्षाला पंधरा दिवस, महिन्याचे सव्वीस दिवस, या सूत्राने दहा वर्षांचे उपदान ८०,७६९ रुपये होते. तेच वेतन २०,००० धरले तर १,१५,३८५ रुपये. फरक साडेचौतीस हजारांच्या घरात. निर्वाह निधीची कपात १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच होत असेल, तर या व्याख्येमुळे हातात येणारा पगार घटत नाही, असे कामगार मंत्रालयाने संहिता लागू झाल्यावर स्पष्ट केले होते. पूर्ण मूळ पगारावर कपात होत असेल, तर दरमहा थोडे कमी आणि निवृत्तीला थोडे जास्त, असा सौदा आहे.

ठेकेदाराचेही ऐकू या

या सगळ्यात ठेकेदार म्हणजे खलनायक, असे चित्र रंगवणे सोपे आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका सरकारी कार्यालयाच्या सफाईचे काम घेतात. पंचवीस-तीस माणसे. ते म्हणतात, 'पगार मी सातला द्यायचा, हे मान्य. पण माझं बिल चार-चार महिने टेबलावरून हलत नाही. मी सातला पैसे आणायचे कुठून?' बायकोचे दागिने दोनदा गहाण ठेवल्याचे त्यांनी हसत सांगितले. ते हसणे ऐकवले नाही.

लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. तो कोणी फारसा मनावर घेत नाही म्हणून प्राप्तिकरात तरतूद आली. १ एप्रिल २०२४ पासून असे झाले की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देणे मुदतीत चुकवले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरला जाणार नाही. खासगी कंपन्यांच्या लेखा विभागांत यामुळे धावपळ उडाली. पण सरकारी खाते प्राप्तिकर भरत नाही. त्यामुळे हा चिमटा त्याला बसतच नाही. सर्वांत मोठा गिऱ्हाईक असा मोकळा सुटतो. खात्याने चार महिने बिल अडवायचे, ठेकेदाराने दोन महिने पगार अडवायचा आणि मजुराने वाण्याची उधारी वाढवायची, अशी ही उतरंड आहे. तळाचे मडके आधी फुटते.

निविदेचीही तीच तऱ्हा. माणसे किती लागतात आणि त्यांचे किमान वेतन किती, हा गुणाकार कोणत्याही कारकुनाला येतो. ज्या निविदेचा आकडा त्या गुणाकारापेक्षाही कमी, ती मंजूर करणाऱ्याने कोणाच्या तरी पगारातली चोरी आधीच मंजूर केलेली असते. पगार बुडाला तर मूळ मालकाने द्यायचा, हे कायद्याने आता इतके स्वच्छ सांगितल्यावर सर्वांत कमी दराची निविदा ही सरकारलाही स्वस्त राहिलेली नाही. हे एकदा वरच्या टेबलांना उमजले, तर ज्याचे काम त्याची जबाबदारी हे तत्त्व कलमातून व्यवहारात उतरेल. मला या संहितांतली सर्वांत मोठी आशा इथे दिसते, आणि सर्वांत मोठी शंकाही.

मामा आज आले असते तर मी त्यांना सांगितले असते: नेमणूकपत्र मागा, नसेल तर लेखी मागा. पगार बँकेत घ्या. दर महिन्याची चिठ्ठी जपा. निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच ठेवा. २०१४ पासून तो ठेकेदार बदलला तरी माणसाबरोबर जातो. ठेका संपला की अनुभवाचा दाखला घ्या आणि हे सारे रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. एवढ्याने मामा कायम झाले नसते. पण एकोणीस वर्षे कुठे गेली, या प्रश्नाला त्यांच्याजवळ कागदाचे उत्तर राहिले असते.

आणि आपण, जे रोज त्यांच्या झाडलेल्या जिन्यावरून चढतो? आपापल्या कचेरीत, शाळेत, रुग्णालयात येत्या सात तारखेनंतर एकदा त्या बाईंना विचारावे, 'मावशी, पगार झाला का?' उत्तर 'नाही' आले, तर पुढचा प्रश्न ठेकेदाराला विचारायचा नाही. तो ज्याचे काम आहे त्याच्या टेबलावर न्यायचा. कायद्याने आता तेच टेबल दाखवले आहे.